शुभ अध्याय

पोथी ऐकायचे नियम सेलूच्या आनंदाबाईंना जितके ठाऊक होते तितके खुद्द पोथी लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतील. वाचणारीनं पाय लांब करायचे नाहीत, मधूनच उठायचं नाही, ऐकणारीनं हात रिकामे ठेवायचे नाहीत. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे कुणाच्या मरणावर पोथी मिटायची नाही. दशरथ राजा गेला, गेला बिचारा. पण तिथेच थांबून उठायचं नाही. पुढचा शुभ अध्याय वाचायचा आणि मगच पोथी फडक्यात बांधायची. नाहीतर ते मरण ऐकणारीच्या मागोमाग तिच्या घरी जातं, असं आनंदाबाई सांगत. त्यांचं सांगणं खोटं पाडायची छाती त्या आळीत कुणाची नव्हती.

वाचायचं काम अन्नपूर्णेकडे होतं. ती शाळेतल्या बंडोपंत मास्तरांची बायको. माहेर वर्ध्याचं, सातवीपर्यंत शिकलेली, गळा गोड. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पदरी मूल नव्हतं, आणि मास्तर शाळेत गेले की घर तिला खायला उठे. म्हणून चातुर्मासात दुपारची जेवणं आटोपून बायका तिच्या ओसरीवर जमत, त्याची ती डोळ्यांत तेल घालून वाट पाहत असे. आनंदाबाई येत, शिंप्याची मंदाबाई येई आणि मागच्या गल्लीतली भागीरथा येई. तिघींचा लक्ष वातींचा नेम होता. आपल्याकडे कापसाला काय तोटा? मांडीवर कापूस घ्यायचा, एकीकडे वाती वळायच्या आणि दुसरीकडे कान द्यायचा.

पोथी रामाची होती. रामाची कथा चालते तिथे मारुती ऐकायला येतो, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून अन्नपूर्णा रोज भिंतीलगत एक शिसवी पाट मांडी आणि त्यावर हळदीकुंकवाचं बोट ओढी. त्या पाटावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही.

चोपन्न सालच्या चातुर्मासात मात्र पंचाईत झाली. वाचणारी घाईची, ऐकणाऱ्यांची हौस दांडगी. पोळ्यालाच पोथी संपली. कार्तिकी एकादशी अजून कितीतरी लांब होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, असं आनंदाबाई म्हणाल्या, पण मंदाबाईनं नाक मुरडलं.

"राम वनवासातून आत्ता कुठं घरी आला, आनंदाबाई. लगेच पुन्हा काहाले धाडता त्याले?"

तेव्हा अन्नपूर्णेनं मास्तरांच्या फळीवरची एक जुनी कादंबरी काढली. शाळेनं मोडीत काढलेलं पुस्तक, सगुणा नावाच्या बाईची गोष्ट. वरचं वेष्टण वाळवीनं खाल्लेलं, लिहिणाऱ्याचं नावही त्यासोबत गेलेलं. मास्तरांचा त्या पुस्तकावर फार जीव. "तीन वेळा वाचली आणि तिन्ही वेळा रडलो," असं ते अभिमानानं सांगत. का रडलात, हे विचारायचं शहाणपण अन्नपूर्णेला त्या दिवशी सुचलं नाही.

कादंबरी म्हटल्यावर आनंदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. शेवटी तडजोड ठरली. ऐकायचं, पण पोथीसारखं ऐकायचं. दिवा लावायचा, पाट मांडायचा, सगळे नियम पाळायचे.

"पन मारुती तर रामाची कथा आयकाले येते," भागीरथा म्हणाली. "हे तर कोन्या सगुणेची कथा हाये. मंग या पाटावर कोन येईन?"

"जिची कथा तीच येईन," आनंदाबाई म्हणाल्या. "काऊन नाई येईन? आपली कथा आयकाची हौस कोनाले नसते?"

सगळ्या हसल्या. अन्नपूर्णाही हसली आणि तिनं पाटावर बोट ओढलं. मारुतीचं एक बरं असतं, त्याला शेवट पाठ असतो. ऐकतो आणि सुखानं जातो. सगुणेला आपला शेवट ठाऊक नव्हता, आणि तिला बोलावून बसवणाऱ्या या चौघींनाही नव्हता. असल्या गोष्टी हसण्यावारी न्यायच्या नसतात, पण माणसाला ते कळतं मागाहून.

सगुणा ही कोकणातली, खाडीच्या काठी खोपटात राहणारी. तिचा नवरा रघुनाथ गलबतावर काम धरून आफ्रिकेला निघतो. जाण्याआधी दोघं अंगणात फणसाचं रोप लावतात. याला पहिलं फळ धरेल तेव्हा मी दारात उभा असेन, असं तो सांगतो. मग सगुणा रोपाला पाणी घालते, मोलमजुरी करून खोपटाचं कौलारू घर करते आणि रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसते. एवढीच गोष्ट. पण लिहिणाऱ्याच्या हातात काय होतं कोण जाणे, समुद्र कधी न पाहिलेल्या बायकांच्या नाकाला खारा वास येऊ लागला.

"समुद्र म्हंजे बोर नदीच्या पुरापेक्षा मोठा असते काय, मास्तरीणबाई?" भागीरथेनं एकदा विचारलं.

"मी तरी कुठे पाहिलाय? पण पलीकडचा काठ दिसत नाही म्हणतात."

भागीरथेनं पुढची वात वळायला घेतली. काठ न दिसणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचा नवरा श्रावण दोन वर्षांपूर्वी छिंदवाड्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर त्याची खुशाली येई; पहिल्या पावसाळ्यानंतर ती आटली ती आटलीच. भागीरथा बाविशीची. डोळ्यांनी अधू झालेल्या सासूला सांभाळत आणि हंगामात जिनिंगमध्ये राबत ती दिवस काढत होती.

तिच्या जातीत दुसरं लग्न करायची चाल होती, आणि तिचा थोरला भाऊ लक्ष्मणराव यानं हिंगणघाटचं एक स्थळ पाहूनही ठेवलं होतं. चंद्रभान त्याचं नाव. गिरणीत मागावर काम करणारा, पहिली बायको तापानं गेलेली, पाठीमागे एक लहान पोर. नागपंचमीला तो पोरीला घेऊन सेलूला येऊन गेला. बोलला फारसा नाही. "म्हातारीलेबी संग आना, एका मानसाची भाकर काही जड नाई," एवढं मात्र आपणहून म्हणाला. पोरीच्या केसांचा गुंता झाला होता. भागीरथेनं तिला पुढ्यात घेऊन वेणी घातली, आणि जाताना ती पोर मागं वळून वळून पाहत गेली. तेव्हापासून भागीरथेचं मन थाऱ्यावर नव्हतं. भावाला तिनं तुळशीच्या लग्नापर्यंतची मुदत मागितली होती. हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, अन्नपूर्णेलाही.

दिवस गेले तशी सगुणा शेजारीण होऊन बसली. दसऱ्याला मंदाबाईनं पाटावर आपट्याचं पान ठेवलं. दिवाळीत आनंदाबाईंनी, "घे वं पोरी, तुह्या घरी कोन करते?" म्हणत एक करंजी ठेवली. पुस्तकात एक खलाशी येऊन सांगतो की रघुनाथ पहिल्याच पावसाळ्यात बुडाला. त्या दिवशी तर भागीरथेच्या हातातली वात तुटली. सगुणा त्या खलाशाचं ऐकत नाही, उलट त्याला जेवू घालून पाठवते. मरणाच्या बातमीवर थांबायचं नाही म्हणून अन्नपूर्णेनं घसा दुखेतो पुढं वाचलं, फणसाला नवी पालवी फुटते तिथपर्यंत.

दशमीला दुपारी ती एकटीच शेवटचा अध्याय चाळायला बसली. उद्या एकादशी, समाप्ती. अडखळायला नको एवढाच हेतू. चुलीवर दूध होतं. वाचता वाचता ते उतू गेलं, विस्तव विझला, तरी ती उठली नाही.

सगुणेचं घर दीर विकून टाकतो. ती धक्क्यावर राहायला जाते. भर पावसात, अंगात ताप असताना एक गलबत लागतं आणि दुसऱ्या बायकांचे नवरे उतरतात. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहते. शेवटचा माणूस उतरून जातो, आणि ओल्या लुगड्यानं दगडावर बसल्या बसल्या तिचा जीव जातो. डोळे उघडेच. त्या साली फणसाला पहिलं फळ धरलेलं असतं आणि ते नवे घरमालक कापून वाटतात. अन्नपूर्णेनं घाईनं पान उलटलं. पोथीत मरणाच्या पुढं दुसरा अध्याय असतो. इथे नुसता पुठ्ठा होता.

संध्याकाळी तिनं मास्तरांना विचारलं, "लिहिणाऱ्यानं तिला का मारलं हो?"

"म्हणून तर ती कादंबरी थोर," मास्तर जेवायला बसता बसता म्हणाले. शिकवायची संधी त्यांनी कधी सोडली नाही. "आधी स्वप्न उमलताना दाखवायचं, मग मोडताना. गोड शेवट काय, कुणीही लिहील."

"पण तिनं वाईट काय केलं होतं?"

"काहीच नाही. तेच तर!" मास्तर खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

अन्नपूर्णेला त्यांचा राग आला. दोन-अडीच महिने जिच्यासाठी पाट मांडला, करंजी ठेवली, तिला तिच्याच तोंडावर मरण वाचून दाखवायचं? आणि समोर भागीरथा बसलेली असताना? शिवाय नियम होता. शुभ अध्याय पुस्तकात नसेल तर तो कुठूनतरी आणायलाच हवा होता.

एकादशीला तिनं तो आणला. अध्यायाचा पहिला भाग जसाच्या तसा वाचला, गलबत धक्क्याला लागेपर्यंत. मग तिची नजर पुस्तकावरून उठली आणि अंगणातल्या तुळशीवर जाऊन टेकली. शब्द आपोआप येऊ लागले. बुडालेला रघुनाथ दुसराच होता, तो त्याच गलबतावरचा, त्याच नावाचा. खलाशाची चूक झाली होती. गलबतावरून सगळे उतरतात आणि सगळ्यांच्या शेवटी एक माणूस उतरतो. केस पिकलेले, अंगावर फाटका कोट. तो विचारतो, फणसाला फळ धरलं का? सांगताना अन्नपूर्णेचे डोळे वाहत होते. आयुष्यात तिनं इतकं चांगलं कधीच वाचलं नव्हतं.

मंदाबाई हुंदके देऊन रडली. आनंदाबाईंनी नाक पुसलं आणि ही पोथी रामाच्या पोथीच्या एकच बोट खाली आहे असा निवाडा दिला. भागीरथा रडली नाही. तिनं वळलेल्या वाती नीट ओंजळीत घेतल्या, दिव्यासमोर ठेवल्या आणि खाली वाकून पुस्तकाला नमस्कार केला.

"मास्तरीणबाई, म्या कोनाले सांगतलं नव्हतं," ती म्हणाली. "म्या कौल लावला होता. देवाले फूल लावून पाह्यते ना मानूस, उजवं पडते का डावं? तसा या पोथीले लावला होता. सगुणेचा आला तर माहाबी येईन. नाई आला तर भावासंग हिंगणघाटले जाईन." तिच्या तोंडावर असं काही सुख होतं की पाहवत नव्हतं. "उजवा पडला. दादाले आता नाई म्हनून सांगतो."

पुस्तक तिच्या मांडीवर उघडंच होतं, आणि खरा शेवट तिच्या अंगठ्याखाली होता. दोन शब्द पुरले असते. पण समाप्तीचा दिवस, दिवा जळतोय, तिघी सुखानं हसताहेत, आनंदाबाई खडीसाखर वाटताहेत. ती गप्प बसली. माणूस गप्प बसायला फार वेळ लागत नाही.

बायका गेल्यावर तिनं पाट उचलला. लाकूड ओलं होतं. वरचं हळदकुंकू धुऊन खाली ओघळलं होतं, कुणी निथळत्या लुगड्यानं बसून उठावं तसं. तुळशीला घातलेलं पाणी इकडे आलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं. तुळस अंगणात होती आणि पाट ओसरीवर.

दुसऱ्या दिवशी तिनं धीर केला. पुस्तक पदराखाली घेऊन ती भागीरथेच्या घरी गेली. दारात लक्ष्मणरावाची बैलगाडी उभी होती आणि गाडीत चंद्रभानची पोर बसली होती. पोरीनं केस मोकळे ठेवले होते. वेणी इथे येऊन घालायची होती ना. आत लक्ष्मणराव बहिणीला समजावून थकला होता.

"तो गेला वं बाई. जगता वाचता असता तर इतक्या दिवसांत एक निरोप नसता आला?"

"सगुणेलेबी नव्हता आला," भागीरथा शांतपणे म्हणाली. तेवढ्यात तिला दारातली अन्नपूर्णा दिसली. "पाह्य, मास्तरीणबाईच आल्या. त्याईलेच विचार. त्याईनंच वाचलं."

लक्ष्मणरावानं वळून पाहिलं. त्याला त्या पुस्तकाचं काही देणंघेणं नव्हतं. बहिणीला कुणीतरी दोन शहाणपणाचे शब्द सांगावेत, एवढीच त्याची नजर विनवत होती. अन्नपूर्णेचा हात पदराखाली पुस्तकावर घट्ट आवळला गेला. मग तिचं लक्ष भागीरथेच्या कपाळाकडे गेलं. आज तिनं कुंकू मोठं लावलं होतं.

"मी सहज आले होते," अन्नपूर्णा म्हणाली. "तुळशीच्या लग्नाला बोलवायला."

गाडी रिकामी गेली. वळणावर जाईतो ती पोर मागं पाहत होती. माघ महिन्यात चंद्रभाननं देवळीची मुलगी केली.

त्या हिवाळ्यात ओसरीवरची बैठक बंद होती, पण अन्नपूर्णेची दुपार काही मोकळी झाली नाही. रात्रीला माणूस घाबरतं, तिला दुपारची धास्ती बसली. मास्तर शाळेत गेले, आळीतले आवाज बंद झाले, उन्हानं अंगण पांढरं पडलं, की ओसरीवर कुणीतरी येऊन बसल्याचं कळायचं. पाट तिनं भिंतीला टेकवून ठेवलेला असे. तो खाली मांडलेला सापडे. त्यावर पाठमोरी बाई. केसांतून पाणी ठिबकतंय, लुगडं अंगाला चिकटलंय. ती वळत नसे, बोलत नसे. फक्त वाट पाहत असे. आपला शेवट ऐकायला बसलेली आणि तो न ऐकवताच जिच्यासमोर पोथी मिटली, ती बाई उठणार तरी कशी? अन्नपूर्णेनं डोळे मिटून घ्यावेत, उघडावेत, तर पाट रिकामा. पण ओला.

एकदा तिनं मास्तरांचा हात धरून पाटावर टेकवला. "ओला लागतो ना?"

"कोरडा ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले, आणि वैद्याकडून ब्राह्मी घृत घेऊन आले. खरा शेवट मी बदलला, हे तिनं सांगितल्यावर मात्र ते दोन दिवस बोलले नाहीत. भागीरथेचं काय झालं त्याचं त्यांना वाईट वाटलं. पण थोर कादंबरीचं वाटोळं केलं, याचं जरा जास्तच वाटलं असावं.

होळीच्या सुमारास खाणीवरून नानाजी नावाचा माणूस आला. श्रावणचा सोबती. एक पाय फरपटत चालत होता. भागीरथेच्या अंगणात बसून त्यानं सांगितलं की पहिल्या पावसाळ्यातच छत खाली आलं. श्रावण आत राहिला आणि याचा पाय गेला. ठेकेदारानं कुणाला कळवलं नाही, याला दवाखान्यातून दुसरीकडेच हलवलं. चालता येऊ लागलं तसा तो आधी इथे आला. बोलत असतानाच त्यानं धोतराच्या गाठीतून चांदीचं कडं काढून पुढं ठेवलं. सासूनं ते चाचपलं आणि टाहो फोडला. तिनं पोराच्या लग्नात स्वतः घडवलेलं होतं ते.

बातमी ऐकून अन्नपूर्णा धावली, आनंदाबाई धावल्या. बघतात तो भागीरथा चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. कपाळावर कुंकू तसंच.

"रडून नका राहू, आत्याबाई," ती सासूला म्हणत होती. "सगुणेकडेबी असाच एक मानूस आलता. त्याची चूक झालती. एका नावाचे दोन असतेत." मग तिनं नानाजीपुढं ताट ठेवलं. "पोटभर जेवा, भाऊ. तुमचा काही दोष नाई. अंधारात कोनाले कोन दिसते?"

नानाजीनं घास उचलला नाही. आनंदाबाईंनी अन्नपूर्णेकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत त्यांना सगळं समजलं असावं. "मास्तरीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तकात तो येते ना?"

अन्नपूर्णेनं मान हलवली. नाही.

"मंग आता वाच तिले. माह्या नियमाले आग लागो."

अन्नपूर्णेनं घरी जाऊन पुस्तक काढलं. दुपारची वेळ होती. भागीरथेला तिनं आपल्याच ओसरीवर बसवलं, पाट मांडला, दिवा लावला, आणि खाली मान घालून एकेक अक्षर वाचलं. घर विकलं ते. ताप. पाऊस. दुसऱ्यांचे नवरे. उघडे डोळे. कापलेला फणस. तिचा आवाज थरथरत होता, मधेच शब्द तुटत होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हे खरं आहे, भागीरथा. तेव्हाचं मी मनानं रचलं होतं. पुस्तकात तो येत नाही. तुझाही येणार नाही गं. मला माफ कर."

भागीरथेनं पुढं सरकून मास्तरणीचे डोळे आपल्या पदरानं पुसले.

"दादानं सांगतलं ना तुमाले असं वाचाले? तुमी लई चांगल्या हा, मास्तरीणबाई, पन तुमाले खोटं वाचता येत नाई. तवा वाचत होत्या तर कशा वाचत होत्या! पुस्तकाकडे पाहाची गरज नव्हती तुमाले. आन आज पाह्य, मान वर नाई, आवाज कापून राह्यला. खोटं बोलनाऱ्याचा आवाज असाच कापते."

"ही अक्षरं बघ. इथे लिहिलंय."

"मले कुठं वाचता येते?" भागीरथा हसली, आणि उठून गेली.

अन्नपूर्णेनं पाटाकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, निदान ती दुसरी तरी आता मोकळी होईल. तिला तिचा खरा शेवट मिळाला. पण पाट ओलाच होता. एकीनं ऐकलं आणि मानलं नाही, तर दुसरीनं तरी का मानावं?

त्यानंतर भागीरथा स्टेशनवर जाऊ लागली. स्टेशन गावापासून लांब; नागपूरकडून पॅसेंजर यायच्या वेळेला ती फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली उभी राही, हातात नवऱ्याचं कडं. उतरणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे पाही. शेवटचा माणूस गेला की परत. गावानं आधी नावं ठेवली, विधवेनं कुंकू लावायचं म्हणजे काय. मग कीव केली. मग सवय करून घेतली. सासू गेली. पुढं आनंदाबाईही गेल्या. जाण्याआधी त्यांनी अन्नपूर्णेचा हात धरून विचारलं, "माह्याच नियमानं झालं काय वं हे?" अन्नपूर्णेनं नाही म्हणून सांगितलं. हे तिचं आणखी एक खोटं, पण हे मात्र मानलं गेलं नाही. एका दिवाळीत चंद्रभान बायकापोरांसह त्याच स्टेशनावर उतरला. थोरली पोर आता चांगली उंच झाली होती. कडुनिंबाखालच्या बाईकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिनं बापाला विचारलं, ही कोण? चंद्रभाननं तिचा हात धरला आणि चालायला लागला.

एकोणसाठ सालच्या आषाढात, दुपारी, पाऊस धोधो कोसळत असताना अन्नपूर्णेला ओसरीवर चाहूल लागली. आताशा ती बाहेर पाहायलाही जात नसे. बस बाई, म्हणून आत पडून राही. पण त्या दिवशी श्वासाचा आवाज आला, धाप लागल्यासारखा. सगुणेच्या श्वासाचा आवाज कधी येत नसे.

ती बाहेर आली. पाटावर पाठमोरी बाई. केसांतून पाणी ठिबकतंय, लुगडं अंगाला चिकटलंय. अन्नपूर्णा दाराला धरून उभी राहिली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच ती बाई वळली.

भागीरथा होती. डोळे तापानं लाल झालेले, मनगटात नवऱ्याचं कडं, कपाळावरचं कुंकू पावसानं नाकावर उतरलेलं. चटई शेजारीच अंथरलेली होती, पण ती पाटावरच बसली होती, जणू तिची ती नेहमीची जागा होती.

"आज गाडीतून लई लोक उतरले," ती म्हणाली. "वाचा, मास्तरीणबाई. तो येते तो अध्याय."

अन्नपूर्णेनं आधी तिच्या अंगावर कांबळं टाकलं. मग फळीवरून पुस्तक काढलं आणि ते शेवटच्या पुठ्ठ्यापाशी उघडलं. दिवा लावला नाही. मरणावर पोथी मिटली तर ते ऐकणारीच्या घरी जातं, म्हणून तिनं त्या एकादशीला ते मरण वाचलं नव्हतं. न वाचलेलं मरणही घर विचारत येतं, हे आनंदाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून द्यायला त्या आता उरल्या नव्हत्या.

"गलबत धक्क्याला लागलं," अन्नपूर्णेनं कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत सुरुवात केली. "सगळे उतरले. सगळ्यांच्या शेवटी एक माणूस उतरला."

"केस पिकलेले," भागीरथा म्हणाली.

"केस पिकलेले. अंगावर फाटका कोट. त्यानं विचारलं, फणसाला फळ धरलं का?"

भागीरथेनं मान भिंतीला टेकवली. पुढचं अन्नपूर्णेनं थांबत थांबत सांगितलं. दोघं घरी जातात, सगुणा चूल पेटवते, तो अंगणात पाय धुतो. सांगायचं संपलं तरी ती सांगत राहिली. नवी कौलं घातली, पुढच्या वर्षी पाळणा हलला, जे सुचेल ते. पाटाखालून पाणी ओघळत उंबऱ्यापर्यंत आलं. भागीरथेचे डोळे उघडे होते आणि अंगणातल्या पावसाकडे लागले होते. ते मिटवायला हात पुढं करण्याआधी अन्नपूर्णेनं अध्याय पुरा केला.

पाट तिनं पुन्हा भिंतीला टेकवला. त्या दिवसानंतर तो कोरडाच राहिला.